ते माझ्याविरुद्ध बोलतात ते खोटं नसेल तर? (मत्तय ५:११)

करघा

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. गेल्या महिन्यात आमच्या तरुण संघाच्या सभेत मी साक्ष दिली, म्हणजे देवानं मला कसं उभं केलं ते सगळ्यांपुढं सांगितलं. लोक आमेन म्हणाले, दोघांनी येऊन हात धरला, एका काकूंनी डोळे पुसले. घरी निघालो आणि पार्क चौकापाशी गाडी बाजूला लावून बसून राहिलो, कारण साक्ष अर्धीच दिली होती. उरलेली अर्धी इथं लिहितो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंग-पॅकिंग माझ्याकडे होतं. लॉट तयार झाला की त्यातले दहा नग काढायचे, काट्यावर ठेवायचे, वजन रजिस्टरला लिहायचं, खाली सही करायची. त्या सहीवर माल बाहेर पडतो. दिवाळीच्या आधीची ऑर्डर ५०० ग्रॅमच्या नगाची होती. पहिला नग ४६२ भरला. दुसरा ४५८. तिसरा ४६५. सूत महाग झालं होतं, कुठं हात आखडला गेला ते मला ठाऊक होतं. मालक काट्याजवळ आले, आकडे बघितले आणि शांतपणे म्हणाले, "रात्रभर ओल्या गोणपाटावर ठेव. सकाळी परत वजन कर."

कापूस पाणी पितो, हे सोलापुरात लहान पोराला सांगावं लागत नाही. सकाळी नग जड भरतात. माल गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत सुकतो, वजन उतरतं, पण तोवर आपलं रजिस्टर बरोबर असतं.

मी म्हणालो, "साहेब, जे भरेल ते लिहीन."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, पान शोधलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तेव्हा तुझा देव रजेवर होता काय रे?"

होय. दोन वर्षांपूर्वी मीच नग गोणपाटावर ठेवले होते. पोरीची ॲडमिशन होती, उचल पाहिजे होती. दहा ओळी निळ्या पेनानं लिहिल्या: ५०२, ४९९, ५०४... सगळे सारखे दिसू नयेत म्हणून मीच मनानं आकडे थोडे वरखाली केले. ही हुशारी मला कुणी सांगितली नव्हती. साक्षीत हे आलंच नाही.

या वेळी मी सही केली नाही. दुसऱ्यानं केली, माल गेला. माझं टेबल गेलं, रात्रपाळीला गठ्ठे बांधायला लागलो. दिवाळीचा बोनस सगळ्यांचाच थांबवला. कारण तोंडानं कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली. चेकिंगच्या बायका पूर्वभागातल्या, माझ्या आईच्या वयाच्या दोघी. त्यातली एक म्हणाली, "अन्ना, तुमच्या एका सहीपायी आमच्या घरात दिवाळी झाली नाही बघा." ती रागावून बोलली नाही. मालकाच्या शंभर बोलण्यांपेक्षा ते मला लागलं. आता चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतं. मला सगळे 'पाद्री' म्हणतात.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो, "माझ्यामुळे लोक जेव्हा तुमची निंदा व छळ करतील आणि तुमच्याविरुद्ध सर्व प्रकारचे वाईट लबाडीने बोलतील तेव्हा तुम्ही धन्य." लहानपणी संडे स्कूलमध्ये हे पाठ केलं होतं. 'लबाडीने' या शब्दावर तेव्हा कधी अडखळलो नाही, आता रोज अडखळतो. मालक लबाडीने बोललेले नाहीत. खरं बोलले. मग तो आशीर्वाद माझा आहे का?

आणखी एक सांगतो. रात्री अडीच-तीनला गठ्ठ्याची सुतळी ओढताना मी मनात मालकाशी भांडत असतो. एकदा तर कारखान्याला आग लागलेली डोळ्यांपुढं आणली, आणि मला बरं वाटलं. त्याच पाचव्या अध्यायात, पुढच्या पानावर, शत्रूंवर प्रीती करा असं लिहिलंय. बाहेरचा त्रास मी सोसतोय, पण आत मी कोण होत चाललोय त्याची भीती वाटते. बायको म्हणते, "तुमचं खरंच आहे. पण जानेवारीत फी कुठून भरायची, तेही प्रार्थनेत विचारा." तिला माझ्याकडे उत्तर नाही.

कुणी वडीलधारं असेल तर सांगा.

---

सदर_बझार

भाऊ, सलाम. मन मोकळं केलंत हे चांगलं केलंत. पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. याला छळ म्हणू नका. २००८ मध्ये ओडिशातल्या कंधमालला ख्रिस्ती लोकांची घरं जळाली, माणसं मारली गेली, बायका-पोरं रात्रीत जंगलात पळाली. तो छळ. तुमचा आहे तो नोकरीतला त्रास. कुठल्याही धर्माच्या प्रामाणिक माणसाला होतो तसा. मालकांनी तुम्हाला ख्रिस्ती म्हणून त्रास दिला नाही, सही नाकारली म्हणून दिला.

बायबलमध्ये येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात लिहिलंय की तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नये. ख्रिस्ती म्हणून भोगावं लागलं तर लाज धरू नये. तो फरक पेत्रानं मुद्दाम केलाय. आपल्याकडे हल्ली पदोन्नती हुकली तरी 'सैतानाचा हल्ला' म्हणायची सवय लागलीय. त्यानं खरा छळ सोसणाऱ्यांचा अपमान होतो.

---

करघा

सदर बझार, राग नाही. मला हेच ऐकायचं होतं, कारण माझ्या मनातही हेच येतं. पण एक विचारतो. 'नीतिमत्त्वाकरिता ज्यांचा छळ झाला आहे' असं दहाव्या वचनात आहे, तिथं नुसतं नाव लावल्याबद्दल म्हटलेलं नाही. खोटं वजन परमेश्वराला किळसवाणं आहे हे नीतिसूत्रांत आहे, लेवीय शास्त्रात मापाबद्दल थेट आज्ञा आहे. मी ती आज्ञा पाळली म्हणून टेबल गेलं. हे दहाव्या वचनात बसत नाही का? बसत नसेल तर कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ते वचन कधी लागू होणार?

---

बाळीवेस

मी ख्रिस्ती नाही, लिंगायत आहे, तरी लिहितो. आजोबांचं धान्याचं दुकान होतं. आमच्यात कायक म्हणजे पूजाच मानतात, काम आणि देव वेगळे ठेवता येत नाहीत. सकाळी लिंगपूजा झाली की आजोबा पहिलं काम करायचे ते तराजूची पारडी फडक्यानं पुसायचं, खाली चिंच-गूळ काही चिकटलं असेल म्हणून. सिद्धरामेश्वरांच्या गावात काट्यावर खोटं बोलू नये, असं म्हणायचे. त्यांनाही बाजारात लोक हसायचे. तुम्ही वजन जे भरेल ते लिहीन म्हणालात, तेव्हा ते आठवले. तुमच्या शास्त्रात हे कुठल्या वचनात बसतं ते तुम्ही ठरवा, पण तुम्ही एकटे नाही एवढं सांगायला आलो.

---

आक्का

बाळा करघा, मी मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होते. आता गुडघे गेलेत, देवळात खुर्चीवर बसते. जास्त शिकलेली नाही, जे कळतं ते सांगते.

सदर बझारनी पेत्राचं पत्र काढलं, बरं केलं. पण ते पत्र लिहिणारा कोण, ते बघ की. प्रभूला पकडून नेलं त्या रात्री अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ शेकत बसून 'मी त्याला ओळखत नाही' तीनदा म्हणालेला माणूस. त्याला पहिल्यांदा विचारणारी कोण होती? दारावरची एक मोलकरीण. तिच्या हातात तलवार नव्हती. सदर बझार, तिथं तरी कुठं मोठा छळ होता? पण पेत्र पडला तो तिथंच.

आता योहानाचा एकविसावा अध्याय काढ. पुनरुत्थानानंतर प्रभू किनाऱ्यावर येतो, तेव्हा तिथं काय पेटलेलं असतं? कोळशाचीच आग. वर मासळी ठेवलेली. चारही शुभवर्तमानांत कोळशाची आग या दोनच ठिकाणी आहे, दोन्ही योहानातच. प्रभूनं पेत्राला त्याच वासाजवळ परत बसवलं, आधी खाऊ घातलं आणि मग तीनदा विचारलं. कोपऱ्यात नेऊन 'झालं गेलं विसर' म्हणाला नाही. सोबत्यांच्या देखत विचारलं.

तुझ्या मालकानं रजिस्टर उघडलं ती तुझी शेकोटी. तू सभेत साक्ष दिलीस, पण त्या आगीला वळसा घालून दिलीस, म्हणून गाडी पार्क चौकात थांबली. पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय तिसऱ्यांदा विचारल्यावर. होऊ दे दुःख. पण मालक खरं बोलला म्हणून तुझं आजचं 'नाही' खोटं ठरत नाही रे. प्रभूनं आधीच सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या नकारावर कोंबडा खरंच आरवला होता, तरीही पन्नासाव्या दिवशी उभं राहून बोलला तो पेत्रच.

आणि तो जकातदार जक्कय आठव. त्यानं साक्ष दिली नाही, हिशेब दिला. चौपट परत करतो म्हणाला. तुझ्या जुन्या लॉटचं काय करायचं ते तू प्रार्थना करून ठरव. मी सांगणार नाही.

फीचं बायकोला वचन ऐकवू नको. तिच्यासोबत बसून आकडेमोड कर. घरातल्या माणसानं काळजी केली म्हणजे ती विश्वासात कमी पडली, असं कधी मानू नको.

---

रेल्वे_लाईन

हे सगळं वाचून मी लिहायला बसलो. हा धाग्याचा विषय आहे की नाही माहीत नाही, पण खोट्या सहीची गोष्ट निघाली म्हणून.

माझं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात एक नाव आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आम्ही चौथी पिढी. दाखल्यावर धर्म हिंदू आणि अनुसूचित जात. माझं इंजिनिअरिंग त्या दाखल्यावर झालं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती जवळपास फक्त हिंदूंसाठी होत्या, १९५६ मध्ये सगळे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. पण आमच्या वस्तीकडे बघण्याची गावाची नजर बाप्तिस्म्यानं बदलली नाही. पणजोबांना पाणवठ्यावर नाही म्हणणाऱ्यांनी त्यांचा धर्म कधी विचारला नव्हता.

२०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. ते वाचलं त्या रविवारी मी चर्चमध्ये प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि पेला, घेतलं नाही. पेला पुढं आला आणि मी पास केला. आईनं बघितलं, काही विचारलं नाही. तिलाही माहीत आहे.

कायदा अन्यायाचा आहे असं मला मनापासून वाटतं. पण अन्यायाच्या कायद्यापुढं मी खोटं लिहिलं हेही खरं. करघा भाऊ, तुम्ही 'नाही' म्हणालात. माझ्यासाठी तर मी शाळेत जायच्या आधीच कुणीतरी 'हो' म्हणून ठेवलंय. आता नोकरीच्या फॉर्मवर पुन्हा तो रकाना आलाय.

---

जुना_पाळक

रेल्वे लाईन, लेका, तू इथं हे लिहिलंस त्याला धैर्य लागतं. सोलापूर-नगरच्या मंडळ्यांत मी पाळक म्हणून राहिलो. ज्यांच्या घरात हा दाखला आहे अशी किती घरं मला ठाऊक आहेत, आणि आम्ही पाळकांनी व्यासपीठावरून त्यावर कधी तोंड उघडलं नाही. ती आमची चूक आहे. तुम्हाला एकटं सोडलं.

तुला आणि करघाला एक जुनी हकीकत सांगतो, कारण ती दाखल्याचीच आहे. २५० साली रोमचा सम्राट डेसियस यानं हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांसमोर तसं केल्याचा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडलेत. मजकूर अगदी सरकारी: मी नेहमीच देवांना अर्पणं करत आलो, आताही तुमच्यासमोर केलं, बळीचं चाखलं, सही करून द्यावी ही विनंती. खाली अधिकाऱ्याची सही.

कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी दिले. कित्येकांनी तुरुंग पत्करला. आणि तिसरेही बरेच होते. त्यांनी बळी दिला नाही, पैसे चारून नुसता दाखला घेतला. हात स्वच्छ, कागद खोटा. छळ थांबल्यावर हे सगळे मंडळीत परत आले, रडत आले. रोममध्ये नोवेशियन म्हणाला, पडलेल्याला परत घ्यायचं नाही. त्यावरून मंडळी फुटली. उत्तर आफ्रिकेत कार्थेजचा बिशप सिप्रियन होता. २५१ साली तिथल्या बिशपांनी सभा घेतली आणि ठरवलं की सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं नाही. कागद घेतलेला वेगळा, बळी दिलेला वेगळा, बायकामुलांना वाचवायला पुढं झालेला वेगळा. प्रत्येकाची हकीकत ऐकायची. पाप लहान म्हणायचं नाही, आणि दारही बंद करायचं नाही.

सिप्रियनबद्दल आणखी एक लक्षात घ्या. त्या २५० च्या छळात तो स्वतः लपून बसला होता. लोकांनी त्यावरून बोल लावले, रोमहून खोचक पत्रं आली. ती बोलणी सगळी काही लबाडीची नव्हती, करघा. लपला होता हे खरंच होतं. आठ वर्षांनी, २५८ साली, दुसऱ्या सम्राटाच्या वेळी त्याच कार्थेजमध्ये त्याचं शिर उडवलं, आणि त्या वेळी तो पळाला नाही.

लेका, तुझ्या चौथ्या पिढीच्या 'हो'चा सगळा भार तुझा नाही. कायदा बदलावा म्हणून लढणारे ख्रिस्ती दलित आहेत, त्यांच्यात उभं राहणं हेही नीतिमत्त्वच आहे. पण समोरच्या फॉर्मवरचा रकाना तुझा आहे. तो भरताना एकटा बसू नकोस. मला खाजगी निरोप पाठव, मी येतो. आणि येत्या रविवारी पेला पास करू नकोस. ते मेज नीतिमानांसाठी मांडलेलं नाही.

---

केडगाव

जुन्या पाळकांनी लिहिलं त्याला जोडून. पंडिता रमाबाईंबद्दल आपण नेहमी बाहेरचा छळ सांगतो. १८९३ मध्ये त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यातल्या सुधारकांचं सल्लागार मंडळ बाजूला झालं, पुणं पेटलं. हे खरंच. पण त्याआधी इंग्लंडमध्ये अँग्लिकन वडीलधाऱ्यांनीही त्यांच्यावर दबाव आणला होता, शिकवण आहे तशी मुकाट मान्य कर म्हणून. तिथंही त्या वाकल्या नाहीत. दोन्हीकडून ताण.

आणि आतली गोष्ट ही की बाप्तिस्मा १८८३ चा असूनही त्यांनीच पुढं लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. त्या काळात त्या विधवांसाठी झटत होत्या, लोकांच्या शिव्या खात होत्या, आणि आत कोरड होती. बाहेर उभं राहता येतं म्हणजे आत सगळं ठीक असतं असं नाही, आणि आत ठीक नाही म्हणून बाहेरचं उभं राहणं खोटं ठरत नाही. करघा भाऊ, रात्री अडीचच्या तुमच्या विचारांबद्दल वाचलं, तेव्हा मला हे आठवलं.

---

सदर_बझार

आक्का, तुमचं शेकोटीचं मान्य. मी शब्दाला धरून बसलो होतो. कंधमालची आठवण करून देणं बरोबर होतं असं अजूनही वाटतं, पण माझ्या भावाच्या त्रासाचं माप काढायला मी ती वापरायला नको होती. करघा, माफी असावी. फीचं खाजगीत बोलू.

---

करघा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी करायचं ते करायचं होतं.

बुधवारी प्रार्थनासभेत उभा राहिलो आणि साक्षीचा राहिलेला भाग सांगितला. गोणपाट, ५०२, ४९९, सगळं. या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग मागून एक म्हातारे उठले. माझ्या वडिलांसोबत मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांनी स्वतःचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तीस वर्षांपूर्वीचं, आणि मध्येच थांबून खाली बसले. सभा संपल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी ते पूर्ण सांगितलं. ते इथं लिहिणार नाही.

शुक्रवारी पाळी संपल्यावर घरी गेलो नाही. मालक नऊला येतात तोवर गेटपाशी थांबलो. एक चिठ्ठी लिहून नेली होती, साध्या वहीच्या पानावर: दोन वर्षांपूर्वीच्या अमुक लॉटची वजनं मी खोटी लिहिली, नग ओले करून मोजले, ती सही माझी आहे आणि त्याचा दोष मी घेतो. मालकांनी उभ्यानंच वाचली. दुसऱ्यांदा वाचली. म्हणाले, "हे गिऱ्हाइकाला दाखवणार आहेस काय?" मी म्हणालो, "आधी तुम्हाला दिलं. तुम्ही दाखवलं तर बरं." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि आत गेले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. फार थकलेला आहे. त्यांच्याही डोक्यावर बँकेचं कर्ज आहे हे मला आधीपासून माहीत होतं, पण रात्री अडीचला ते कधी आठवलं नव्हतं. अजून त्यांच्याबद्दल प्रार्थना करताना शब्द अडकतात. नाव घेतो आणि गप्प बसतो, एवढंच जमतं.

चेकिंगच्या त्या मावशींनाही सांगितलं, की याआधी मीही लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "माहिती आहे की अन्ना, गोणपाट मीच भिजवून दिलं होतं."

काल बायको आणि मी दोघं हिशेबाला बसलो. फीचे दोन हप्ते करून घेतलेत. तिनं स्वतःहून बचतीचा लाल डबा काढला.

रेल्वे लाईन, तू पाळकसाहेबांना भेटलास का? मी रविवारी मागच्या बाकावर डाव्या बाजूला असतो. पगार सात तारखेला होतो, आज पाच. कामावर ठेवतात की काढतात ते तेव्हा कळेल. आज रात्री पाळी आहे, निघतो.